गाळ्यांचं गाव

आकिहाबाराला रेल्वेनं जाणाऱ्यानं कुठल्या दारानं बाहेर पडायचं हे आधी ठरवावं. दार बदललं की गावच बदलतं. 'इलेक्ट्रिक टाउन' अशी पाटी असलेल्या दारानं निघालात, तर चार पावलांवर रेडिओ काइकान या इमारतीची पिवळीजर्द पाटी, तिच्यामागे कार्टूनमधल्या मुलींचे चार-चार मजली चेहरे आणि रुळांच्या पुलाखालचे जुने गाळे. हिबिया मेट्रोनं आलात तर पूर्वेकडे निघता, आणि तिथं योदोबाशी कॅमेराचं अवाढव्य दुकान वाट अडवून उभं असतं.

मी पूर्वेकडून निघालो ते भाच्यामुळे. तो निशी-कासाईला राहतो. टोकियोतल्या भारतीय संगणकवाल्यांची ही मोठी वस्ती. एदोगावा वॉर्डाच्या सभेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, तो हाच भाग. तिथून तोझाई लाइन पकडायची आणि कायाबाचोला हिबिया लाइन बदलायची. भाच्याला आकिहाबाराचं नवल राहिलेलं नव्हतं. "मामा, जे हवं ते योदोबाशीत मिळतं. ते बघ, वर जेव, आणि परत चल," असा त्याचा कार्यक्रम होता.

योदोबाशीत खरंच सगळं मिळतं. कॅमेरे, भाताचे कुकर, सायकली, पुस्तकं, बॅगा, वर खाण्याची दुकानं. सगळं मोजून मांडलेलं, प्रत्येक वस्तूला दराची पट्टी, आणि दुकानाचं गाणं अखंड चालू. हे दुकान सप्टेंबर 2005मध्ये उघडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्सुकुबा एक्सप्रेस ही नवी रेल्वे इथं येऊन थांबली होती. म्हणजे या बाजूचं आकिहाबारा जेमतेम दोन दशकांचं. मला मात्र पश्चिमेकडचं बघायचं होतं. ऐंशीच्या दशकात कॉलेजात असताना माझे शनिवार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जायचे. कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, रेकॉर्ड प्लेअरची सुई असं काहीबाही धुंडाळत गल्ल्या पालथ्या घालायच्या. दुकानदारानं 'जापानी है' म्हटलं की घासाघीस तिथंच संपायची. तो माल जिथून निघे, त्या मुलखातला लॅमिंग्टन रोड कसा असेल, हे कुतूहल तेव्हापासूनचं.

भाच्याला घेऊन रुळांखालून पलीकडे गेलो. या जागेची गोष्ट आगीपासून सुरू होते. 1869च्या डिसेंबरात इथली वस्ती जळाली. आग पुन्हा पसरू नये म्हणून सरकारनं मधली जमीन मोकळीच ठेवली आणि आग शमवणाऱ्या देवतेचं छोटं देऊळ बांधलं. लोकांनी ते आकिबा या अग्निरक्षक दैवताचं मानलं, आणि मैदानाला तेच नाव चिकटलं. मोक्याच्या ठिकाणी मोकळी जागा दिसल्यावर रेल्वे थोडीच सोडणार! 1890मध्ये इथं मालधक्का झाला, 1925मध्ये उतारूंच्या गाड्या थांबू लागल्या, आणि 1928मध्ये शेजारी भाजीपाल्याचा घाऊक बाजार भरू लागला. त्याचं नाव कांदा मार्केट. मी बनवून सांगत नाही. त्या भागाचंच नाव कांदा आहे.

विजेच्या मालाचा बाजार आला तो महायुद्धानंतर. शहर बेचिराख झालेलं, खायची भ्रांत. पण लष्कराच्या साठ्यातून बाहेर पडलेले व्हॉल्व्ह आणि सुटे भाग रस्त्यावर विकायला आले होते. जवळच विद्युत अभियांत्रिकी शिकवणारी संस्था होती. तिथली पोरं हे भाग विकत घेऊन रेडिओ जोडत आणि विकत. तयार रेडिओ परवडण्यासारखा नव्हता, जोडलेला परवडत होता. त्यामुळे कांदा भागातल्या रस्त्यांवर रेडिओच्या भागांच्या पथाऱ्या वाढत गेल्या. 1949मध्ये अमेरिकी ताब्यातल्या प्रशासनानं रस्त्यावरचे सगळे पथारीवाले उठवायचा हुकूम काढला. आता पुढं काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको. पण इथं ते झालं नाही. पथारीवाल्यांनी एकजुटीनं बोलणी केली आणि सोबू लाइनच्या उंच पुलाखालची जागा पदरात पाडून घेतली. जितका माल तितका गाळा, या हिशेबानं ते तिथं दाटीवाटीनं बसले. फेरीवाल्यांचं पुनर्वसन धडपणे पार पडल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

ते गाळे आजही आहेत. रेडिओ सेंटरमध्ये शिरलो तेव्हा दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागे इतकी वाट अरुंद होती. एकेक गाळा आपल्याकडच्या पानाच्या गादीपेक्षा थोडा मोठा. मालक मध्ये बसलेला आणि त्याच्या भोवती हात पोचेल तिथवर खण, बरण्या, फळ्या. एका गाळ्यात नुसत्या तारा, एकात मीटर, एकात पितळेचे आणि सोन्याचा मुलामा दिलेले कनेक्टर. डोक्यावरून गाडी गेली की सगळ्या बरण्या बारीक किणकिणायच्या, पण मान कोणी वर करत नव्हतं.

एका गाळ्यात केवळ स्विच होते. सत्तरीतले एक गृहस्थ उभे राहून नमुन्याच्या फळीवरचे टॉगल एकामागून एक दाबून पाहत होते. खट्. खट्. खटक्. आवाज पसंत पडला की तोच पुन्हा दाबत. मालकानं त्यांना काही विचारलं नाही, घाई केली नाही. त्यांचं झाल्यावर मी एक धातूचा छोटा टॉगल उचलला. मालकानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाच्याला काहीतरी विचारलं.

"कुठल्या देशात वापरणार, असं विचारतायत," भाचा म्हणाला.

भारत, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातातला स्विच काढून घेतला, त्याच्या पोटावरचे बारीक आकडे नखानं दाखवले आणि मान हलवली. जपानात घरगुती वीज शंभर व्होल्टची, आपल्याकडे दोनशे तीसची. खालच्या खणातून तसाच दिसणारा दुसरा काढला, त्याचे आकडे दाखवले, आणि कागदाच्या पुडीत घालून हातानं लिहिलेली पावती दिली. किंमत चहा-बिस्किटांइतकी. एवढ्याशा विक्रीसाठी इतकी चौकशी कोणी का करावी? करतात, कारण त्याच चौकशीवर हा गाळा टिकून आहे. वस्तू काय, हल्ली घरबसल्याही मागवता येते.

भाचा यानंतर जरा रेंगाळू लागला. परत चल हे पालुपद बंद झालं.

गाळ्यांतून बाहेर पडलं की चुओ-दोरी हा हमरस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती पुढच्या भरभराटीनं उभ्या केल्या. 1953मध्ये जपानात टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं. त्या दशकात कपडे धुण्याचं यंत्र, फ्रीज आणि कृष्णधवल टीव्ही ही घराघरातली स्वप्नं झाली. सम्राटाच्या तीन पवित्र राजचिन्हांवरून लोक गमतीनं त्यांनाही तीच पदवी देत. मग रंगीत टीव्ही, मग एअरकंडिशनर. सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांतले काही जण घरगुती उपकरणांकडे वळले, मजल्यावर मजले चढले, आणि बोनस मिळाला की कुटुंबच्या कुटुंब आकिहाबाराला यायला लागलं. परदेशी प्रवाशांसाठी करमुक्त दुकानं निघाली. आपल्याकडे एखादा काका जपानहून टू-इन-वन आणत असे, तो बहुधा इथूनच.

ही भरभराट मोठी होती, पण मुळं खोल गेली नव्हती. ऐंशीच्या दशकात उपनगरांतल्या हमरस्त्यांवर साखळी दुकानं उघडली. पुढं गाडी लावायची सोय, भाव पाडलेला. फ्रीज घ्यायला कोण कशाला लोकल बदलत येईल? कुटुंबं येईनाशी झाली. उरला तो खटपट्या माणूस, ज्याला साखळी दुकानातला माल पुरत नाही. आणि त्याची खटपट तोवर रेडिओवरून दुसरीकडे सरकलेली होती.

ते सरकणं रेडिओ काइकानमध्ये झालं. 1976मध्ये एनईसी कंपनीनं टीके-80 नावाचा संच काढला. एक उघडा सर्किट बोर्ड, आकड्यांची थोडी बटणं, किंमत 88,500 येन. मायक्रोप्रोसेसर म्हणजे काय हे अभियंत्यांना शिकवावं, एवढाच कंपनीचा हेतू. पण तो उड्या टाकून घेतला हौशी लोकांनी. त्यांच्या शंका सोडवायला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं रेडिओ काइकानच्या सातव्या मजल्यावर 'बिट-इन' नावाचं केंद्र उघडलं. पोरं तिथं तासन् तास बसायची. गिऱ्हाइकाला काय हवंय हे विकणाऱ्याला तिथं समजलं, आणि 1979मध्ये पीसी-8001 हा घरी नेऊन थेट वापरता येईल असा संगणक आला. जपानी पर्सनल कॉम्प्युटर इथं जन्मला, असं सांगणारा फलक पुढं त्या इमारतीत लागला. 1990मध्ये लाओक्स या जुन्या व्यापाऱ्यानं चुओ-दोरीजवळ फक्त संगणकांची अख्खी इमारत थाटली. 1995च्या नोव्हेंबरात विंडोज 95 मध्यरात्री विक्रीला आलं तेव्हा आकिहाबाराच्या रस्त्यांवर जत्रा भरली होती. पुढं संगणकही साखळी दुकानांत गेला, आणि लाओक्सची ती इमारत 2007मध्ये बंद झाली. दर पंधरा-वीस वर्षांनी इथं हेच घडतं. सर्वांना हवी अशी वस्तू झाली की ती आकिहाबारातून जाते, आणि तिच्यावर सगळा डाव लावणारा मोठा व्यापारी तिच्यासोबत जातो.

संगणकाचं वेड असलेल्या त्याच पोरांना ॲनिमेशनपट, मांगा चित्रकथा आणि व्हिडिओ गेमचंही वेड होतं. 1997मध्ये कायोदो ही प्रतिकृती बनवणारी कंपनी शिबुयासारखा झगमगीत भाग सोडून रेडिओ काइकानमध्ये आली. 'इव्हँगेलियन' मालिकेनं नुकतीच धमाल उडवली होती, तिच्या पात्रांच्या बाहुल्यांना गिऱ्हाईक कुठं आहे हे कंपनीनं ओळखलं. मागोमाग इतर आले. मोरिकावा काइचिरो या अभ्यासकानं 2003मध्ये आकिहाबारावर पुस्तक लिहिलं. शहरांचे भाग एरवी सरकार घडवतं नाहीतर भांडवल; हा भाग माणसांच्या एका विशिष्ट स्वभावानं घडवला, असा त्यांचा मुद्दा. रेडिओ जोडणारा, संगणक जोडणारा आणि बाहुली जमवणारा हा माणूस एकाच घडणीचा, हे फिरताना मलाही पटत होतं. फक्त एक भर घालावीशी वाटली. स्वभावाला बसायला जागा लागते, आणि ती जागा लहान असावी लागते.

हे दिसलं ते रेडिओ काइकानमध्येच. जुनी इमारत 2011मध्ये पाडायला घेतली, नवी 2014मध्ये उघडली. तिच्यात आणि आसपास भाड्याच्या काचपेट्यांची दुकानं आहेत. भिंतीभर काचेचे चौकोनी खण, प्रत्येकाला क्रमांक आणि कुलूप. एकेक खण कोणीतरी महिन्याच्या भाड्यानं घेतलेला. त्यात तो आपल्या संग्रहातल्या वस्तू स्वतः ठरवलेल्या किमतीला मांडतो. विक्री दुकान सांभाळतं आणि मोबदल्यात भाडं आणि थोडी दलाली घेतं. एका खणात केवळ पोलादी रंगाच्या आगगाड्या होत्या, एकात एकाच गायिकेचे बिल्ले, एकात तुटक्या हाताचे यंत्रमानव. त्या यंत्रमानवांपुढच्या चिठ्ठीचा अर्थ भाच्यानं लावला: डावा हात डबीत आहे, सांधा ढिला आहे, बघून घ्यावं. दुकानदार नजरेआड, पण त्याचा प्रामाणिकपणा समोर ठेवलेला. बाजूला एक कॉलेजकुमार काचेला नाक लावून उकिडवा बसला होता. पुलाखालच्या स्विचवाल्या गृहस्थांना इथं आणून बसवलं असतं, तर ते असेच बसले असते.

मग मला ते खण सगळीकडे दिसायला लागले. गाचापोन काइकानमध्ये नाणी टाकून चावी फिरवायची यंत्रं भिंतीला भिंत लावून रचलेली आहेत. प्रत्येकाच्या पोटात प्लॅस्टिकच्या गोळ्यांत काहीतरी चिमुकलं: झोपलेलं मांजर, रेल्वेचा सिग्नल, सुशीची ताटली. वरच्या मजल्यांवर, जिन्यांच्या वळणांवर पत्त्यांची, जुन्या गेमची, सुट्या कॅमेऱ्यांची दुकानं. इथल्या कित्येक इमारती अरुंद आणि उंच, एका मजल्यावर एखाददुसरंच दुकान. नव्या धंद्याला अख्खी इमारत लागत नाही, एक मजला पुरतो. मजला परवडत नसेल तर एक काचपेटी. धंदा बुडाला तर पेटी रिकामी होते, बाजार बुडत नाही. इथं माल तीन-चारदा आरपार बदलला तरी बाजार उठला नाही, याचं कारण मला या मापात दिसतं.

मार्च 2001मध्ये पहिलं कायमस्वरूपी मेड कॅफे निघालं तेही अशाच एका वरच्या मजल्यावर. मोलकरणीच्या झालरीदार पोशाखातल्या मुली चहा देतात आणि गिऱ्हाइकाला 'मालक' म्हणतात. आता गल्लीगल्लीत त्यांची पत्रकं वाटली जातात. भाचा नजर चुकवून झपझप चालू लागला, मीही मामा या नात्याला शोभेल असा चाललो. डिसेंबर 2005मध्ये एकेबी48 या गायिकांच्या ताफ्याचं छोटं नाट्यगृह डॉन किहोते या दुकानाच्या आठव्या मजल्यावर सुरू झालं. नावातलं 'एकेबी' म्हणजे आकिबाच. 'ओताकू', म्हणजे एकाच नादात बुडालेले, म्हणून ज्यांची टर उडवली जाई, त्यांच्या गावाची आता देशभर चर्चा होती.

त्या चर्चेला 8 जून 2008 रोजी तडा गेला. रविवारी चुओ-दोरी वाहनांना बंद असतो आणि लोक रस्त्यावर चालतात. 1973पासूनची ही प्रथा. त्या दुपारी एका माणसानं गर्दीत ट्रक घातला, मग सुरा चालवला. सात जण गेले. रविवारचा पायी रस्ता बंद झाला तो जानेवारी 2011मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान कॅमेरे बसले, पोलीस वाढले.

बाजार घडवण्याचा सरकारी प्रयत्नही इथं पाहायला मिळतो. भाजीबाजार 1989मध्ये ओता भागात हलला आणि स्टेशनजवळ मोठी जमीन रिकामी झाली. टोकियो प्रशासनानं तिथं माहिती तंत्रज्ञानाचं केंद्र उभारायचं ठरवलं. आकिहाबारा यूडीएक्स ही काचेची उंच इमारत 2006मध्ये पुरी झाली. आत कचेऱ्या, सभागृहं, उपाहारगृहं. देखणी आहे, जेवणही बरं मिळतं. पण तिच्या तळमजल्यावर पंधरा मिनिटं बसून पाहिलं, तर लोक तिच्यातून पलीकडे जायला वाट काढत होते. रेल्वेनं अधिक शहाणपणा दाखवला. ओकाचिमाचीकडे जाणाऱ्या पुलाच्या कमानींत 2010मध्ये 2के540 नावाची कारागिरांची दुकानं उघडली. चामडं, लाकूड, छत्र्या. माल नवा, पण पुलाखाली लहान लहान गाळ्यांत बसवलेला. नदीकाठी 1943मध्ये बंद पडलेल्या मानसेइबाशी स्टेशनच्या लाल विटांच्या कमानींतही 2013पासून अशीच दुकानं आहेत. त्याच 2013मध्ये, पुलाखालच्या मूळ गाळ्यांपैकी रेडिओ स्टोअर हा भाग मात्र कायमचा बंद झाला. मालक थकले होते आणि पुढची पिढी बसायला तयार नव्हती. स्विचवाल्यांच्या गाळ्यात मला तरुण माणूस दिसला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी टेकडीवरच्या कांदा म्योजिन देवळात गेलो. आसपासचे व्यापारी आणि कंपन्यांची माणसं नव्या वर्षाचं कामकाज सुरू करताना इथं रांगा लावतात. देवळात मिळणाऱ्या ताइतांत एक संगणकासाठीचा आहे. माहिती सुरक्षित राहावी, यंत्र बिघडू नये यासाठी. त्याच्यावर सर्किटसारखी नक्षी आहे. नवस लिहायच्या लाकडी पाट्यांवर कार्टूनमधल्या मुली सफाईनं रंगवलेल्या. भाच्यानं ऑफिसच्या लॅपटॉपसाठी ताईत घेतला आणि वर "कंपनीच्या सर्व्हरला लागू पडतो का, विचारायला हवं होतं," म्हणाला.

परतीच्या गाडीत लॅमिंग्टन रोडचा विषय निघाला. तिथंही मी रेडिओचे भाग, मग व्हीसीआर, मग जोडून मिळणारे कॉम्प्युटर, मग सीसीटीव्ही आणि मोबाइल अशी रांग पाहिली आहे. हल्ली शाळेतली पोरं आर्डुइनो मागायला येतात. तिथंही गाळा लहान, दुकानदार हुशार, आणि गिऱ्हाईक तेच. फरक इतकाच की तिथल्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी निघाली की चर्चा होते ती वरच्या मजल्यावरच्या खोल्यांची. नव्या इमारतीत शंभर चौरस फुटांचा गाळा परवडेल अशा भाड्यानं मिळेल का, हे कोणी विचारत नाही. आकिहाबारा बघून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडायला हवा.

आज आकिहाबारात प्रवाशांची गर्दी आहे. जुन्या गेमच्या कॅसेटचे भाव त्यामुळे चढलेत, चुओ-दोरीवरच्या दुकानांत आठवणवस्तू वाढल्यात, आणि भाडं वाढलं की सर्वांत आधी जाणार ते लहान दुकान. ते गेलं तर पुढच्या वेडाला बसायला जागा उरणार नाही, आणि मग आकिहाबारा टोकियोतल्या दहा चकचकीत बाजारांपैकी एक होईल. तुम्ही जाणार असाल तर रविवारी दुपारी जा, रस्त्याच्या मधून चाला, हवं तर मेड कॅफेतही डोकावा. पण खरेदी पुलाखाली करा. काही सुचलं नाही तर एक स्विच घ्या, आणि तो कुठल्या व्होल्टेजला चालतो हे त्यांना विचारू द्या.